मनातला सराव आणि पायाखालचे मैदान

शिवाजी पार्कवर फलंदाजीच्या पाळीची वाट पाहणारी मुले चेंडू नसतानाही बॅट फिरवताना दिसतात. पाहणाऱ्यास तो पोरखेळ वाटतो. वस्तुतः याच सवयीची पुढची पायरी, म्हणजे स्वस्थ बसून फटका मनात खेळून पाहणे, मानसशास्त्राने सराव म्हणून मान्य केली आहे. फेल्ट्झ व लँडर्स या संशोधकांनी १९८३ मध्ये ६० अभ्यासांचा आढावा घेऊन अशा सरावाने कौशल्य सुधारते, असा निष्कर्ष काढला. हालचालीची कल्पना करताना मेंदूतील तिच्या नियोजनाचे भागही कामाला लागतात. म्हणूनच मुठीची पकड, पायाची हालचाल, चेंडूची गती हे सारे खऱ्या वेगाने मनात अनुभवावे, असे सांगितले जाते.

जागेची टंचाई असलेल्या या शहरात हे बिनखर्ची साधन मोलाचे आहे, यात शंका नाही. परंतु त्यावरून मैदानाची गरज कमी झाली, असे अनुमान कोणी काढू नये. १९९४ मधील दुसऱ्या एका आढाव्यानुसार मनातला सराव प्रत्यक्ष सरावाची बरोबरी करीत नाही आणि त्याचा लाभ काळाबरोबर ओसरतो. सामना मैदानावर उतरण्याच्या कितीतरी आधी मनात सुरू होत असे, असे सचिन तेंडुलकर यांनी २०२१ मध्ये सांगितले. पण त्या मनाला सामग्री पुरवली ती रमाकांत आचरेकर सरांनी मैदानामागून मैदानावर खेळवलेल्या सामन्यांनी. मैदान हे भांडवल आहे. कल्पना हे त्यावरील व्याज. मुद्दलच नसेल तर व्याज कोठून येणार?

नेमके ते मुद्दल मुंबईने गमावले. गिरण्यांच्या जमिनींचा पुनर्विकास करताना सुमारे एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी देण्याची तरतूद १९९१ च्या नियमांत होती. २००१ च्या दुरुस्तीने ती मुळात बांधकाम नसलेल्या जागेपुरतीच उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य धरली. लालबाग-परळच्या मुलांच्या वाट्याची मैदाने अशा रीतीने कागदावरच आटली.

तेव्हा खेळाच्या तासाला पाळीची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यांकडून शिक्षकांनी मनातला सराव जरूर करून घ्यावा. त्याचबरोबर शाळांच्या मैदानांची फाटके सुट्टीच्या दिवशी वस्तीतील मुलांसाठी उघडावीत. गिरगावच्या चाळीतील ज्या मुलाने खऱ्या खेळपट्टीवर कधी पाऊलच ठेवले नाही, त्याने डोळे मिटून पाहावे तरी काय?