गाडी सापडली, बाई कुठे?

रहस्यकथांची आवड असणारीला अ‍ॅगाथा ख्रिस्ती हे नाव नवं नाही. कितीतरी खून तिने कागदावर घडवले आणि शेवटच्या पानावर उलगडूनही दाखवले. पण तिच्या स्वतःच्या आयुष्यातलं एक कोडं ती तसंच ठेवून गेली. जवळजवळ शंभर वर्षं झाली, तरी लोक अजून त्यावर तर्क लढवताहेत.

३ डिसेंबर १९२६, शुक्रवारची रात्र. इंग्लंडमधल्या सनिंगडेल गावच्या घरातून साडेनऊनंतर अ‍ॅगाथा एकटीच गाडी घेऊन बाहेर पडली. सात वर्षांची मुलगी घरात झोपलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची मॉरिस गाडी सरे परगण्यात, न्यूलँड्स कॉर्नर इथे खडूच्या खाणीजवळ बेवारस सापडली. आत फरचा कोट होता, गाडीचं लायसन्स होतं. बाईचा मात्र पत्ता नव्हता. डिसेंबरची कडाक्याची थंडी आणि कोट गाडीतच!

मग काय, जितकी तोंडं तितक्या गोष्टी. कुणी म्हणालं, नवऱ्यानेच काटा काढला. कुणी म्हणालं, बाईने जीव दिला. कुणी म्हणालं, हे सगळं पुस्तक खपवण्यासाठी चाललंय. पोलिसांनी जवळचा सायलेंट पूल नावाचा तलाव पिंजून काढला. हजारो स्वयंसेवक रानोमाळ फिरले, वरून विमानं घिरट्या घालू लागली. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांनी तर तिचा एक हातमोजा अतींद्रिय शक्ती असल्याचं सांगणाऱ्या माणसाकडे नेला! ऐकावं ते नवलच.

गंमत म्हणजे जाण्यापूर्वी तिने दिराला पत्र लिहिलं होतं, यॉर्कशरमधल्या आरोग्यधामात जाते आहे म्हणून. पण गाडी सापडली सरेमध्ये, म्हणून शोधाचा सगळा भर तिथेच राहिला. बाईच्या शब्दापेक्षा तिच्या गाडीवर जास्त विश्वास!

१४ डिसेंबरला, तब्बल अकरा दिवसांनी, ती यॉर्कशरमध्येच सापडली. हॅरोगेटच्या एका हॉटेलात ती इतर पाहुण्यांबरोबर पत्ते खेळत होती, संगीत ऐकत होती. वाद्यवृंदातल्या वादकांनी तिला ओळखलं. हॉटेलात तिने नाव दिलं होतं मिसेस नील. नील हे आडनाव कुणाचं? तिचा नवरा आर्ची ज्या तरुणीच्या प्रेमात पडला होता, तिचं.

बाई जिवंत सापडली म्हणून लोकांना हायसं वाटायला हवं होतं. पण झालं उलटंच. पोलिसांच्या शोधाचा खर्च कुणी भरायचा, अशी विचारणा सुरू झाली. दोन डॉक्टरांनी स्मृती गेल्याचं सांगितलं, तरी अनेकांना ते पटलं नाही. पुढेही पुस्तकं आली, १९७९ मध्ये सिनेमा आला. कुणी म्हणतं, नवऱ्याला धडा शिकवायला केलेला हा बनाव. कुणी म्हणतं, मनावरच्या ताणाने माणूस स्वतःची ओळखच विसरतो, तसं झालं असावं. अ‍ॅगाथाने १९२८ मध्ये एका वृत्तपत्राला सांगितलं होतं, की त्या रात्री मनात टोकाचे विचार येत होते. पण १९७७ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात या अकरा दिवसांबद्दल चकार शब्द नाही.

मात्र त्याच आत्मचरित्रात त्या वर्षीच्या उन्हाळ्याबद्दल तिने लिहिलं आहे. मला वाटतं, या प्रकरणातला सगळ्यात मोठा धागा तिथेच आहे. १९२६ च्या एप्रिलमध्ये तिची आई गेली. माहेरचं घर रिकामं करायचं काम हिच्या एकटीवर आलं. आईच्या हातच्या वस्तू, जुने कपडे, खोल्याच्या खोल्या भरलेलं सामान... माहेर आवरणं म्हणजे काय, हे आपल्यापैकी जिने केलंय तिलाच ठाऊक. नवरा लंडनमध्येच राहिला. त्याला घरात दुःख, आजारपण सोसवत नसे. हळूहळू हिची झोप उडाली, जेवण सुटलं. एकदा चेकवर सही करताना तिला स्वतःचं नावच आठवेना. एकदा गाडी सुरू होईना, तर ती हमसून हमसून रडली. त्यानंतर ऑगस्टमध्ये नवऱ्याने सांगून टाकलं, माझं दुसरीवर प्रेम आहे, मला घटस्फोट हवा.

गाडी खाणीजवळ सापडायच्या किती महिने आधीपासून ही बाई हरवत चालली होती! तेव्हा ना पोलीस आले, ना विमानं. सही करताना स्वतःचं नाव विसरणारी बाई कुणालाच बातमी वाटली नाही. रिकामी गाडी मात्र पहिल्या पानावर झळकली.

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? एखादी बाई घरातून निघून गेली, की गल्लीत संध्याकाळपर्यंत कथा तयार. कुणाबरोबर गेली, फोनवर कुणाशी बोलायची, दागिने नेले का. तिचं गेल्या सहा महिन्यांत काय चाललं होतं, हे विचारणारी एखादीच. आणि परत आलीच, तर उंबऱ्यावरच उलटतपासणी!

आधी कामाचं बोलू. माणूस बेपत्ता झालं तर तक्रारीसाठी चोवीस तास थांबायची गरज नाही. लगेच पोलीस ठाण्यात जावं, ११२ वर फोन करावा. बदनामीच्या भीतीने घरच्यांनी गप्प बसू नये. शेवटचं कुठे दिसली, काय नेसली होती, काय बोलली, कुणाला चिठ्ठी लिहिली का, हे सगळं जसंच्या तसं सांगावं. आपल्या तर्काची फोडणी त्यात घालू नये.

आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आधीच लक्ष असू द्या. जाऊ, नणंद, शेजारीण, भिशीतली मैत्रीण, कुणीही असो. झोप उडालीय, क्षुल्लक गोष्टीवरून डोळे भरून येताहेत, नेहमीच्या गोष्टी विसरायला होताहेत, तर ‘नाटकं करते’ म्हणून सोडून देऊ नका. तिच्याजवळ बसा, तिचं ऐकून घ्या. गरज वाटली तर सोबत डॉक्टरांकडे जा. सरकारची ‘टेलि मानस’ ही मोफत हेल्पलाइन आहे, तिचा नंबर १४४१६. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

अ‍ॅगाथा सावरली. १९२८ मध्ये घटस्फोट झाला, १९३० मध्ये तिने मॅक्स मॅलोवन या पुरातत्त्वज्ञाशी लग्न केलं. १९७६ मध्ये जाईपर्यंत ती नावाजलेलीच राहिली. त्या अकरा दिवसांत काय झालं, हे तिने सांगितलं नाही. तो तिचा हक्क होता. तिचं कोडं आपल्याला सुटलं नाही तरी चालेल. पण आपल्या आळीतली एखादी आत्ता, घरातच बसून, हरवत चालली असेल, तर तिच्याकडे आजच एक चक्कर टाकून या.