नाव हौसेनं ठेवा, स्पेलिंग सरळ ठेवा

नगर रस्त्यानं वाघोलीहून पुण्याकडे निघालात की एकाच 'व'ची दोन इंग्रजी सोंगं भेटतात. वाघोलीच्या पाट्यांवर डब्ल्यू, तर पुढे वडगाव शेरीच्या पाट्यांवर व्ही. हे कुणी ठरवलं याची चौकशी कुणी करत नाही आणि त्यावाचून कुणाचं अडतही नाही. गावाला शाळेत नाव घालायचं नसतं, बँकेत खातं उघडायचं नसतं, पासपोर्ट काढायचा नसतो. तुमच्या लेकीला हे सगळं करायचं आहे. म्हणून वाघोलीतल्या नव्या आईबाबांशी जरा स्पष्ट बोलायचं आहे. नाव तुमच्या आवडीचं ठेवा, पण त्याच्या इंग्रजी अक्षरांशी खेळ करू नका.

हल्ली नावापेक्षा स्पेलिंगवरच जास्त खल होतो. बारशाचं निमंत्रण मोबाइलवर येतं आणि त्यात स्वरा डबल आरची असते, ओवीच्या शेवटी दोन ई आणि वर एक एच असतो, आर्याच्या मागेपुढे मिळून चार ए असतात. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: सोसायटीत आधीच तीन आर्या आहेत, आपली उठून दिसायला नको? ही हौस मला समजते, आवडतेही. याच महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यात 'नकुशी', 'नकुसा' अशी नावं मुलींना ठेवली गेली होती आणि ऑक्टोबर 2011 मध्ये जिल्हा परिषदेनं समारंभ करून अशा दोनशेहून अधिक मुलींना नवी नावं दिली. त्या मानानं मुलीच्या नावावर रात्र रात्र जागणारे आईबाप म्हणजे आनंदाचीच गोष्ट. फक्त ती हौस चुकीच्या जागी खर्च होते आहे.

वेगळेपण हवं तर ते नावात शोधा. आपल्याकडे काय कमी आहे? फुलांची नावं आहेत, नद्यांची आहेत, रागांची आहेत, ओव्या-अभंगांतली आहेत. अबोली, इंद्रायणी, भूपाली, मुक्ता ही नावं तुमच्या इमारतीत किती जणींची आहेत ते मोजून बघा. नाव साधंच ठेवायचं आणि वेगळेपणा एका जादा ए वर लादायचा, हा सौदा तोट्याचा आहे. त्या जादा ए चा उच्चारालाही उपयोग नसतो. रमा, मीरा, सीमा यांच्या शेवटचा एकटा ए सगळे 'आ' असाच वाचतात, तिथे दुसरा ए लावून 'आ' अधिक लांब होत नाही. सुरुवातीच्या दोन ए ना निदान अर्थ आहे, त्यांनी आरोहीचा 'आ' सांगता येतो. तो प्रघातच पडला आहे, त्याला माझी हरकत नाही.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण इथे लोक उलटी चूक करतात. काही स्पेलिंगं परक्याला विचित्र वाटतात, पण ती आपल्या उच्चाराला धरून असतात. 'ज्ञ' घ्या. हिंदी भाषक तो 'ग्य' असा उच्चारतात, आपण 'द्न्य' असा. म्हणून आपल्याकडे ज्ञानदा, प्रज्ञा, यज्ञा यांच्या स्पेलिंगात डी-एन-वाय येतं आणि उत्तरेकडच्या प्रज्ञाच्या नावात जी-वाय. 'ऋ'चंही तसंच. आपण 'रु' म्हणतो, हिंदीत 'रि' म्हणतात. त्यामुळे धुळ्यात जन्मलेली मृणाल ठाकूर आर-यू लिहिते, अमृता खानविलकरही आर-यू लिहिते आणि सांगलीत वाढलेली स्मृती मानधना मात्र आर-आय लिहिते. दोन्ही चालतात. पण वाघोलीत, जिथे एका मजल्यावर बिहार, ओडिशा, केरळ आणि लातूर शेजारी शेजारी राहतात आणि वर्गशिक्षिका कुठल्याही प्रांताची असू शकते, तिथे काही पालक घाबरून ज्ञानदा हे नावच टाळतात, किंवा तिला जी-वाय लावून मोकळे होतात. असं करू नका. आळंदी इथून फार लांब नाही. या टापूत ज्ञानेश्वरी नावाच्या मुलीनं डी-एन-वाय लिहायला कशाला लाजायचं? बाईंना पहिल्या दिवशी अडखळायला होईल, दुसऱ्या आठवड्यात सवय होईल. ज्या स्पेलिंगमागे मराठी उच्चार उभा आहे, ते कितीही अपरिचित दिसलं तरी टिकवण्यासारखं आहे. ज्यामागे फक्त 'जरा हटके' एवढंच आहे, ते सोडून द्या.

तिसरा प्रकार अंकशास्त्राचा, आणि त्याबद्दल मी गुळमुळीत बोलणार नाही. 'बेरीज पाच आली पाहिजे, एक ए वाढवा' असं सांगणाऱ्याला पैसे देण्यापूर्वी एवढं विचारा की कुठल्या तक्त्याप्रमाणे. अंकशास्त्रात निदान दोन तक्ते जोरात चालतात. एकात एस या अक्षराला 3 मिळतात, दुसऱ्यात 1. म्हणजे तुमच्या सायलीची बेरीज एका दुकानात शुभ आणि पलीकडच्या दुकानात अशुभ निघू शकते. शिवाय ही परंपरा आपली म्हणावी तर तेही खरं नाही. आपलं पंचांग नक्षत्राच्या चरणावरून आद्याक्षराचा ध्वनी देतं, अश्विनीला चू, चे, चो, ला. त्यात इंग्रजी अक्षरं मोजायची सोयच नाही. जयललितांनी 2001 च्या सुमारास नावाच्या शेवटी एक ए वाढवला आणि त्या वर्षीची विधानसभा जिंकली, हे उदाहरण हमखास सांगतात. त्याच स्पेलिंगनं त्या 2006 ची निवडणूक हरल्या, हे कुणी सांगत नाही.

नटनट्यांची गोष्ट वेगळी असते. आपल्याकडे दोन सोनाली कुलकर्णी आहेत, एक 'दोघी'मधली आणि एक 'नटरंग'मधली. धाकटी शेवटी दोन ई लिहिते आणि त्या एका खुणेनं दोघी वेगळ्या ओळखू येतात. देवनागरीत ती खूणही उरत नाही. पण पडद्यावर येणाऱ्या व्यक्तीला आपलं नाव लोकांच्या तोंडी बसवून घेता येतं. तुमच्या मुलीला ते रेशनच्या, दवाखान्याच्या, परीक्षेच्या खिडकीवर, प्रत्येक वेळी नव्या माणसाला सांगायचं आहे.

त्यासाठी साधी परीक्षा सांगतो. स्पेलिंग कागदावर लिहून शेजाऱ्याला वाचायला देऊ नका, ते सगळेच करतात. उलट करा. नाव नुसतं मोठ्यानं म्हणा आणि समोरच्याला इंग्रजीत लिहायला सांगा. एक मराठी माणूस, एक अमराठी, एक शाळेत जाणारं पोर. तिघांपैकी दोघांनी लिहिलेलं स्पेलिंग जुळलं तर तेच घ्या. कारण पुढे आयुष्यभर होणार ते हेच: कुणीतरी ऐकेल आणि लिहील. नावात वरती टिंब, अ‍ॅपॉस्ट्रॉफी, मधे मोठं अक्षर असलं काही घालू नका. पासपोर्टच्या तळाशी यंत्रानं वाचायच्या 44-44 अक्षरांच्या दोन ओळी असतात. त्यात ए ते झेड, आकडे आणि एक भरणीची खूण यांखेरीज काही बसत नाही.

देवनागरीतही घोळ नको. 'श्रुति' की 'श्रुती'? मराठी लेखनाच्या नियमांप्रमाणे व्यक्तिनामं दीर्घान्त लिहायची, म्हणून 'श्रुती'. आपल्या जन्मदाखल्यावर मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही नावं येतात आणि शाळेच्या रजिस्टरमध्ये हीच उतरतात.

मुलीच्या बाबतीत हे जास्त जपायचं, याला कारण आहे. लग्नानंतर आडनाव बदललं की तिच्या कागदांचे दोन गठ्ठे होतात, माहेरचा आणि सासरचा. दोन्हींत पहिलं नाव तरी एकाच स्पेलिंगचं असलं तर मधला दुवा टिकतो. पॅन, आधार, बँकखातं, पदवी यांत एका अक्षराचा फरक असला तरी 'नाव जुळत नाही' हे ऐकावं लागतं. आणि आता एक नवी गोष्ट आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांचं नाव राज्याच्या सरकारी कागदांवर स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमानं लिहायचं आहे. तेव्हा आयांनो, स्वतःचं स्पेलिंगही आधी एकसारखं करून घ्या. आधारवर वेगळं आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर वेगळं असेल, तर तो घोळ आता लेकीच्याही नावात जाणार.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घाई करू नका. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते, हे खरं. पण नाव त्याच वेळी द्यावं लागत नाही. नावाविना नोंद होते, पुढे बारा महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. आत्यानं कानात नाव सांगायच्या आधीच रुग्णालयाच्या फॉर्मवर भलतं स्पेलिंग लिहून टाकायचं काही कारण नाही. बारसं होऊ द्या, दोन महिने नाव तोंडात रुळू द्या, मग लिहा.

आणखी एक. जन्माची नोंद तुम्ही राहता तिथे होत नाही, बाळ जन्मलं तिथे होते. वाघोली 30 जून 2021 ला पुणे महापालिकेत आली, त्यामुळे इथल्या जन्मांची नोंद आता महापालिकेकडे. पण बाळंतपण माहेरी, समजा परभणीला झालं, तर नोंद परभणीची. तिथे खिडकीवर बहुधा मामा किंवा आजोबा उभे असतात. 'फोनवर सांगितलं होतं की' म्हणून नंतर डोक्याला हात लावण्यात अर्थ नाही. स्पेलिंग मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून, त्याचा फोटो काढून त्यांना पाठवा.

एकदा नाव चढलं की बदलणं सोपं राहत नाही. निबंधक चूक दुरुस्त करतो, त्यासाठी पुरावे मागतो. आवड बदलली म्हणून स्पेलिंग बदलून मिळेल अशी आशा धरू नका. मग राजपत्रात नावबदलाची जाहिरात आणि तिथून पुढे एकेक कागद. आधारवर नाव जन्मभरात दोनदाच बदलता येतं. आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, आधार या सगळ्यांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच दाखवायचा आहे. म्हणजे पुढच्या प्रत्येक कागदाची सुरुवात त्याच दाखल्यापासून.

तेव्हा दाखला हातात पडला की खिडकीपाशीच थांबा. मागे रांग असली तरी असू द्या. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही ओळी अक्षर न् अक्षर वाचा, मुलीचं नाव, आईचं, वडिलांचं, आडनाव. काही चुकलं असेल तर तिथेच, त्याच दिवशी अर्ज द्या.