एस्प्रेसोचा जमाखर्च

(बी. कॉम., चौथे सत्र)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने कॉलेजच्या अंकात लिहायचे म्हणजे जीएसटी, सहकारी बँका किंवा अंदाजपत्रक, हे विषय ठरलेले. मी मात्र आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसलेल्या एका यंत्राविषयी लिहिणार आहे. संपादक मंडळातील मित्र हे ऐकून हसले. हसोत बापडे! गेल्या काही वर्षांत या यंत्रावरून आमच्या घरात जितका वाद झाला, तितका माझ्या बारावीच्या मार्कांवरूनही झाला नव्हता.

हे यंत्र म्हणजे घरगुती एस्प्रेसो मशीन. दादा बेंगळुरूच्या एका कंपनीत आहे, परंतु महिन्यातले बरेच दिवस बेळगावातूनच काम करतो. २०२१ साली त्याने अठरा हजार रुपयांना ते घेतले. आमचे घर तसे चहाचे. आईच्या मते कॉफी ही पाहुण्यांना आणि आजाऱ्यांना द्यायची वस्तू. तरीही त्या काळ्या पेटीतून पहिला पेला बाहेर आला तेव्हा सगळे घर भोवती जमले होते. बाबांनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "औषध चांगलं आहे."

तेथून दादाची सुधारणा-मोहीम सुरू झाली. मुळातला प्लास्टिकचा दट्ट्या जाऊन धातूचा जड दट्ट्या आला. पूड सपाट करण्याची चकती आली. पोर्टाफिल्टरला (म्हणजे पूड भरण्याच्या दांडीच्या पळीला) अक्रोडाच्या लाकडाची मूठ आली. एका विक्रेत्याने ठामपणे सांगितले, की जाळी बदला, सगळे सुधारेल. जाळी आली ती ५८ मिलिमीटरची आणि आमची पळी ५१ची. ती परत घेण्यास त्याने नकार दिला, आणि आजही ती जाळी आमच्याकडे चहाची गाळणी ठेवायला उपयोगी पडते. मी सहज म्हणून एका जुन्या वहीत हा खर्च मांडत गेलो. पहिल्या वर्षात ११,३०० रुपये झाले. चवीत फरक? शून्य.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय मुद्दा उलगडत नाही. मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी १९०१ साली पेटंट घेतलेले यंत्र वाफेच्या दाबावर चालत असे, आणि तो दाब थोडाच असे. अकिले गॅजिया यांच्या दांड्याच्या, स्प्रिंगवर चालणाऱ्या यंत्राने १९४८च्या सुमारास दाब आठ-नऊ बारपर्यंत नेला, आणि एस्प्रेसोवर दिसणारी ती तांबूस साय खऱ्या अर्थाने तेव्हापासून आली. पुढे १९६१ साली फाएमा कंपनीच्या ई-६१ या यंत्रात विजेच्या पंपाने माणसाच्या दंडाची जागा घेतली. म्हणजेच नऊ बार दाब, नव्वद ते शहाण्णव अंश उष्ण पाणी, अठरा ग्रॅम पुडीतून पंचवीस-तीस सेकंदांत सुमारे छत्तीस ग्रॅम अर्क, एवढेच हे शास्त्र. घरगुती यंत्राच्या खोक्यावर "१५ बार" असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. तो पंपाचा कमाल आकडा. कॉफीला नऊच पुरतात. गावातील रस्त्यावरून ताशी दोनशे किलोमीटर धावू शकणारी मोटार घेतल्याचा जो आनंद, तोच हा.

मग आमचे बिनसत होते कोठे? याचे उत्तर दोघांनी दिले, आणि दोघांनीही एस्प्रेसो मशीन आयुष्यात कधी चालवलेले नाही.

पहिले आमचे बाबा. शहापूरला त्यांचे शिलाई मशीनच्या सुट्या भागांचे लहानसे दुकान आहे. ते म्हणाले, "माझ्याकडं लोक येतात, टाका सुटतो म्हणतात, नवं मशीन किती पडेल विचारतात. मी आधी सुई बदलून देतो. निम्मी मशीनं तिथंच दुरुस्त होतात." दुसऱ्या आमच्या शेजारच्या अक्का. त्यांचे माहेर चिक्कमगळूरकडचे. तोच तो जिल्हा, जेथल्या डोंगरावर बाबा बुडन यांनी मक्केच्या यात्रेहून परतताना सात बिया आणून लावल्या, अशी कथा सांगतात. भारतातील कॉफीपैकी सुमारे सत्तर टक्के कॉफी आपल्याच राज्यात पिकते, आणि आम्ही मात्र दुकानातली कधी भाजली ते न छापलेली पाकिटे आणीत होतो! अक्कांकडे पितळेचा दोन मजली फिल्टर आहे, त्यांच्या लग्नातला. त्यांनी आमचे यंत्र, मूठ, चकती सगळे निरखून पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, "मोदलु पुडि नोडप्पा." आधी पूड बघ रे बाबा.

पूड आम्ही मिक्सरच्या लहान भांड्यात करीत होतो. मिक्सरचे पाते बी दळत नाही, ते बी फोडते. काही कण रव्यासारखे तर काही पिठासारखे. नऊ बारचे पाणी रव्यातून सुसाट पळते आणि पिठात अडकते, आणि एकाच पेल्यात आंबट आणि कडू दोन्ही चवी उतरतात. दात्यांच्या ग्राइंडरचे तत्त्व जात्यासारखे आहे: दोन भागांतले अंतर ठरलेले, त्यामुळे कण बरेचसे सारखे. शिवाय ते अंतर एका खाचेने कमी-जास्त केले तर पेला भरण्याचा वेळ काही सेकंदांनी बदलतो. एस्प्रेसोला ही बारीक सोय अपरिहार्य आहे. स्वस्त यंत्रांबरोबर दुहेरी तळाची जाळी येते. तिला खाली एकच सूक्ष्म छिद्र असते, आणि पूड कशीही असो, दाब ते छिद्रच निर्माण करते. त्यामुळे फेस दिसतो, मन फसते. चांगले ग्राइंडर आल्यावर ही जाळी काढून साधी एकेरी जाळी बसवावी लागते, अर्थात आपल्या मापाची!

दादाने हाताने फिरवायचे, पोलादी दात्यांचे ग्राइंडर घेतले. नऊ हजार रुपये. आई म्हणाली, नऊ हजारांत गिरणी येईल. मलाही प्रथम तसेच वाटले होते. पण येथे आमचे कॉस्टिंगचे सर आठवले. ते नेहमी म्हणतात, वस्तूची किंमत विचारू नका, एका नगामागचा खर्च विचारा.

म्हणून वहीत मांडणी केली. आमच्याकडे येणाऱ्या ताज्या भाजलेल्या बियांचे अडीचशे ग्रॅमचे पाकीट सहाशे रुपयांना पडते. प्रत्येक घाण्याला (घरात आम्ही हाच शब्द वापरतो) अठरा ग्रॅम, म्हणजे पाकिटात जवळजवळ चौदा घाणे. दररोज दोन, आठवड्याला एक पाकीट. एका घाण्याला त्रेचाळीस रुपयांच्या बिया. आता यंत्र पाहा. अठरा हजार रुपये, आयुष्य पाच वर्षे धरले, भंगाराची किंमत शून्य, तरी ३,६५० घाण्यांवर वाटल्यास एका घाण्यामागे घसारा पाच रुपये. त्रेचाळीस आणि पाच! आणि आमचे सगळे लक्ष, सगळी भांडणे, सगळी खरेदी त्या पाच रुपयांभोवती.

मिक्सरच्या दिवसांत चौदांपैकी पाच घाणे तरी मोरीत जात. ग्राइंडर आल्यावर नव्या पाकिटाचा पहिला घाणा तेवढा वाया जातो. आठवड्याला चार वाचले, म्हणजे १७२ रुपये, वर्षाचे ८,९४४. नऊ हजारांचे ग्राइंडर एका वर्षात स्वतःची किंमत फेडून मोकळे झाले. अक्रोडाची मूठ हे कधीच करणार नाही.

त्याखालोखाल माझा कौल काट्याला. सराफाकडे असतो तसा ग्रॅमचा दशांश दाखवणारा काटा नऊशे रुपयांना मिळाला. पूड किती घातली आणि अर्क किती उतरला हे ठाऊक नसेल, तर कालचा पेला चांगला का झाला हे आज सांगता येत नाही. हिशोब न ठेवणाऱ्या दुकानदाराला नफा कोठून झाला हे जसे कळत नाही. आणि सुया! जॉन वाइस नावाच्या अमेरिकन शौकिनाने २००५ साली जाळीतली पूड सुईने हलवून गाठी मोडण्याची रीत मांडली. बाजारात त्याची सुंदर अवजारे मिळतात. बाबांनी दुकानातल्या चार बारीक सुया एका बाटलीच्या बुचात खोचून दिल्या. खर्च वहीत लिहिण्याजोगा नाही. सपाट करण्याची चकती तेव्हापासून कपाटात आहे.

तळ नसलेल्या पळीविषयी मात्र माझे मत दोनदा बदलले. तिच्यातून अर्क उघडा पडताना दिसतो. पुडीत कोठे भेग पडली असेल तर बारीक पिचकारी उडते आणि शर्टावर ठिपका येतो. तिने कॉफी सुधारत नाही. पण चूक कोठे झाली ते दिसते, आणि शिकणाऱ्याला तेवढे पुष्कळ. दादाने ती घेतली तेव्हा मी नाक मुरडले होते. आज मी ती योग्य खर्चात धरतो.

खरी अडचण पुढे आहे. साध्या यंत्रातला थर्मोस्टॅट पाणी तापवतो, थांबतो, बरेच निवू देतो, पुन्हा तापवतो. त्यामुळे आज शहाण्णव अंश तर उद्या अठ्ठ्याऐंशी असेही होते. यावर पीआयडी नावाचा नियंत्रक बसवतात. तो तापमान जवळजवळ एका जागी धरून ठेवतो. (याचे गणित निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ साली जहाज आपोआप सरळ दिशेत ठेवण्याच्या प्रश्नावर लिहिताना मांडले. सुकाणूपासून कॉफीपर्यंतचा हा प्रवास मला फार आवडतो.) गॅजिया क्लासिकसारख्या यंत्रांना शौकीन लोक ही जोडणी घरी लावतात; जास्तीचा दाब सोडणाऱ्या झडपेची स्प्रिंग बदलून दाब नऊवर आणतात. स्प्रिंग स्वस्त आहे, ज्याच्या यंत्राला ती बसते त्याने जरूर बदलावी. पीआयडी महाग आहे, आणि त्याची निम्मी सोय फुकटात होते: थोडे पाणी सोडायचे, दिवा लागून विझू द्यायचा, आणि दर वेळी तितकेच आकडे मोजून बटण दाबायचे. तापमान किती ते कळत नाही, पण रोज जवळपास सारखे राहते. मी वीस मोजतो. आई म्हणते, देवघरात इतका वेळ कधी उभा राहिला नाहीस.

फ्रेंच लेखक देनी दिदरो यांनी १७६९ साली आपल्या नव्या झग्यावर एक निबंध लिहिला. नवा झगा आला आणि त्याच्यापुढे घरातील प्रत्येक वस्तू जुनाट दिसू लागली, असे त्यांचे दुखणे. आमच्या दादाचेही तेच झाले. ग्राइंडर उत्तम आले, म्हणून आता यंत्र हलके वाटू लागले. गेल्या दिवाळीत त्याने मला एक लाख वीस हजारांचे, दोन बॉयलरचे यंत्र दाखवले. एका बॉयलरात कॉफीचे पाणी, दुसऱ्यात दुधासाठी वाफ, दोन्ही एकाच वेळी. बारा हप्ते. "तू कॉमर्सचा ना, सांग घेऊ का?"

येथे मला एक गोष्ट उघड करणे भाग आहे. माझ्या सी.ए.च्या क्लासची फी दादा भरतो. त्या बारा हप्त्यांत आणि माझ्या फीच्या हप्त्यांत फार अंतर नाही. लेखापरीक्षकाने ज्या संस्थेत आपले हितसंबंध आहेत तिचे हिशोब तपासू नयेत, हे आम्ही शिकलो आहोत. वाचकांनी हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

पुन्हा भागाकार केला. घाण्यामागे घसारा पाचावरून तेहतीस. वाढीव अठ्ठावीस रुपयांत मिळणार काय? एकामागून एक पाच-सहा दुधाच्या कॉफ्या करण्याची सोय. ज्या घरात रोज तेवढे पेले लागतात, त्यांनी ते खुशाल घ्यावे. लहान यंत्रात वाफेसाठी थांबावे लागते आणि थांबणाऱ्या पाहुण्याची कॉफी गार होते. आमच्याकडे दोन पेले, तेही बिनदुधाचे. दादाने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "आनंदाला घसारा नसतो रे." याला उत्तर माझ्या पाठ्यपुस्तकात नाही. सीमान्त उपयोगिता घटत जाते एवढे त्यात आहे. पण त्याची उपयोगिता मी कशी मोजणार? दिवसाचे दहा तास पडद्यासमोर बसणाऱ्या माणसाला सकाळची ती वीस मिनिटे किती मोलाची, हे तोच जाणे. मी फक्त म्हटले, की तो आनंद यंत्राच्या चकाकीचा आहे की पेल्याचा, हे एकदा पाहू.

रविवारी अक्कांना बोलावले. तेच यंत्र, तेच ग्राइंडर, तेच वजन. एका पेल्यात कपाटाच्या कोपऱ्यात कित्येक महिने उघड्या पडलेल्या बियांची कॉफी, दुसऱ्यात दहा दिवसांपूर्वी भाजलेल्या बियांची. कोणता कशाचा हे त्यांना सांगितले नाही. पहिल्यावर सायच धरली नाही, दुसऱ्यावर वाघाच्या पट्ट्यांसारखी धरली. त्यांनी दोन्ही चाखले, दुसरा पेला स्वतःकडे ओढला आणि म्हणाल्या, "इदु काफी. अदु बण्ण." ही कॉफी. तो नुसता रंग.

दादा काही बोलला नाही. संध्याकाळी त्याने मोबाईलवरचे ते एक लाख वीस हजारांचे पान बंद केलेले मी पाहिले. दुसऱ्या दिवशी बेंगळुरूच्या गाडीतून त्याचा निरोप आला: "पीआयडीचं काय ठरलं?" मी वहीत नोंद केली आहे, पण पेन्सिलीने.