गोधडी उसवायची कशाला?

आयुष्यात पहिल्यांदाच एखादी जुनी वस्तू दुरुस्तीला घ्यायची, तर कोणती घ्यावी? जाणकार सांगतात, अस्सल घ्या, धडधाकट घ्या, ज्यात आधी कुणी हात घातलेला नाही अशी घ्या. मला मात्र नेमकं उलट वाटतं. पहिल्या कामाला वस्तू घ्यावी ती दोन-चार हातांतून गेलेली आणि एकदा तरी रूप बदललेली.

हे मला सुचलं ते एका अगदीच वेगळ्या वस्तूवरून. मैत्रिणींनो, जुने व्हिडिओ गेम पार्लर आठवतात? माणसाच्या उंचीचं लाकडी कपाट, माथ्यावर दिवा लावलेली नावाची पट्टी, मध्ये टीव्हीसारखा पडदा, खाली दांडी आणि बटणं, आणि नाणं टाकायची खाच. नव्वदच्या दशकात आमच्या गावात असं एक पार्लर होतं. भाऊ आत जायचे आणि आम्ही बहिणी बाहेरून आवाज ऐकायचो. चांगल्या घरच्या मुली तिथे जात नाहीत, हे कुणी वेगळं सांगावं लागत नव्हतं.

माझी भाची न्यू जर्सीत नोकरी करते. तिकडे या कपाटांचे शौकीन पुष्कळ आहेत. तिनंही एका बंद पडलेल्या पिझ्झाच्या दुकानातलं कपाट स्वस्तात आणलं. पट्टीवर कराटेच्या कुठल्याशा खेळाचं नाव होतं. पण बाजूचा काळा रंग एका कोपऱ्यात निघाला होता आणि त्याखाली जुनं रंगीत चित्र दिसत होतं. ते ‘सेंटिपीड’ या खेळाचं निघालं. फोनवर म्हणाली, “मावशी, हिचं माहेरचं नाव वेगळं आहे गं!”

असं का होत असे, ते समजून घेण्यासारखं आहे. १९८३च्या सुमारास अमेरिकेत या धंद्याला मोठी मंदी आली. दर वेळी नवं कपाट घेणं दुकानदाराला परवडेना. मग कंपन्यांनी बदलाचे संच काढले. आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड, माथ्यावरची पट्टी आणि बटणांचा पत्रा बदलला, बाजूला काळा रंग फासला, की झाला नवा खेळ. पुढे जपानमधल्या उत्पादकांच्या संघटनेनं ‘जामा’ नावाची जोडणीची एकच पद्धत ठरवली, ५६ टोकांची. मग तर एक बोर्ड काढून दुसरा बसवणं आणखीच सोपं झालं. थोडक्यात, हा अगदी आपल्या घरातला हिशोब. लुगडं विरलं की गोधडी आणि गोधडी विरली की पायपुसणं.

आता भाचीपुढे प्रश्न पडला. तिथल्या हौशी मंडळींचं म्हणणं, ‘काळा रंग खरवड, कराटे फेकून दे, मूळ सेंटिपीड परत आण.’ त्यासाठी मूळ बोर्ड हवा, हातानं फिरवायचा चेंडू बसवलेला मूळ पत्रा हवा, पट्टी हवी. म्हणजे कपाटाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च. दुसरी मंडळी म्हणत होती, ‘आतलं सगळं उपट आणि एक कॉम्प्युटर बसव, हजार खेळ मिळतील.’

मला हे दोन्ही सल्ले पटत नाहीत. ‘मूळ’ या शब्दाचा आपल्याला फार सोस असतो. पण मूळ म्हणजे नक्की कुठलं? ‘डाँकी काँग’ या प्रसिद्ध खेळाचंच बघा. १९८०मध्ये निन्टेंडोनं ‘रडार स्कोप’ नावाचा खेळ काढला. अमेरिकेत त्याची ३००० कपाटं मागवली गेली आणि त्यातली सुमारे २००० विकली न जाता गोदामात पडून राहिली. मग जपानमध्ये शिगेरू मियामोतो यांनी त्यांच्यासाठी नवा खेळ रचला. १९८१मध्ये सिएटलजवळच्या गोदामात मूठभर माणसांनी ती कपाटं उघडून आतले बोर्ड बदलले. त्या मूठभरांत कंपनीचे अमेरिकेतले प्रमुख मिनोरू अराकावा होते आणि त्यांची पत्नी योको अराकावाही होत्या. रडार स्कोपची कपाटं लाल होती, म्हणून पहिले डाँकी काँगही लाल निघाले, पुढचे निळे. आज संग्राहक त्या लाल कपाटांसाठी जास्त पैसे मोजतात. म्हणजे इथे रूपांतर हेच अस्सल!

‘मिस पॅकमॅन’ची गोष्टही तशीच. जपानच्या तोरू इवातानींनी १९८०मध्ये ‘पॅकमॅन’ केला तोच मुळी मुलींनीही खेळायला यावं म्हणून. अमेरिकेत जनरल कॉम्प्युटर कॉर्पोरेशनच्या तरुण पोरांनी त्याच खेळात बदल करणारा एक संच बनवला. तो मिडवे कंपनीनं घेतला आणि १९८२मध्ये मिस पॅकमॅन म्हणून बाजारात आणला. त्याची एक लाखाहून जास्त कपाटं खपली. कुणाच्या तरी दुरुस्तीतून, फेरफारातूनच या खेळांचा इतिहास घडलाय.

म्हणून मी भाचीला म्हटलं, आधी आहे ते चालू कर. गोधडी उसवून कुणी आजीचं लुगडं परत मिळवत नाही. फाटलेल्या जागी टाका घालतात आणि गोधडी वापरतात. पहिल्या कामाचं यश एकच, ते पुरं झालं पाहिजे. पडदा उजळला, दांडी हलली, खेळ सुरू झाला की पुढची उमेद येते. अस्सलपणाच्या मागे लागून गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं अर्धवट पडलेली कपाटं तिकडे कमी नाहीत.

आणि रूपांतरित कपाटाचा सर्वांत मोठा फायदा म्हणजे भीती नसते. दुर्मीळ वस्तूला हात लावताना नवशिक्याचे हात कापतात. इथे आधीच कुणीतरी जास्तीची भोकं पाडलीत, तारा कशाही जोडल्यात. आपण आणखी काय बिघडवणार? उलट त्या गुंत्यातूनच शिकायला मिळतं. भाचीनं एकही तार काढण्याआधी फोटो घेतले आणि प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधली. ब्लाउज उसवण्याआधी आपण खुणा करतो, तसंच. तळाचा पार्टिकल बोर्ड ओलीनं फुगला होता. तेवढा कुजका भाग कापून नवं लाकूड जोडलं, फटीत रंगारी वापरतात तशी लांबी भरली आणि पॉलिश पेपरनं घासलं. बोर्ड जोडायच्या आधी मल्टिमीटरनं पाच व्होल्ट नीट येताहेत ना, ते तपासलं, कारण जास्त दाब गेला तर बोर्ड जळतो.

एका बाबतीत मात्र धाडस नको. पडद्यामागच्या काचेच्या नळीत, प्लग काढल्यानंतरही, हजारो व्होल्टचा दाब साठलेला असू शकतो. तो आधी उतरवावा लागतो आणि पहिल्या वेळी जाणकार माणूस शेजारी हवाच. बांगड्या, अंगठ्या, मंगळसूत्र काढून ठेवायचं. यात अशुभ काही नाही. जीव राहिला तर सौभाग्य. आणि नळी चालू असेल तर ती फेकून सपाट पडदा बसवू नये, कारण तशा नळ्या आता बनत नाहीत. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून कपाटाच्या तळाशी ठेवावा. पुढे कुणाला मागे जायचं असेल, तर वाट मोकळी राहिली पाहिजे. आपलं काम पुसता येण्याजोगं असावं, एवढा नियम मला पुरेसा वाटतो.

काळ्या रंगाचं काय? तो निघालेला कोपरा भाचीनं तसाच ठेवला. त्यालाही कारण आहे. १९८१चा सेंटिपीड घडवणाऱ्या दोघांपैकी एक डोना बेली ही स्त्री होती. अटारी कंपनीच्या त्या विभागात ती तेव्हा एकटीच बाई प्रोग्रामर होती. बायकांनाही आवडलेल्या सुरुवातीच्या खेळांत त्याचं नाव आजही घेतात. कराटेच्या रंगाखाली एका बाईचं काम झाकलं गेलं होतं. आता त्या कोपऱ्यात दोन्ही दिसतात, माहेर आणि सासरही.

तुम्ही म्हणाल, आपल्याला काय त्याचं? आमच्या बचत गटातल्या एका ताईंना मिक्सर दुरुस्ती शिकायची होती. धुणीभांडी करून दोन मुलं वाढवणारी बाई. एका प्रशिक्षण केंद्रात त्यांना सांगितलं गेलं, ‘बायकांसाठी शिवण आणि पापड आहेत की.’ पार्लरच्या दाराशी आम्हाला थांबवणारी हीच ती नजर. शेवटी त्या एका ओळखीच्या मेकॅनिकच्या दुकानात बसून शिकल्या, तेही भंगारातल्या मिक्सरवर. नवा मिक्सर त्यांच्या हातात कुणी दिला नसता आणि दिला असता तरी त्यांनी भीतीनं उघडला नसता. आज आमच्या वस्तीतले मिक्सर त्यांच्याकडे येतात.

पहिली वस्तू अशीच असावी. कुणाला फारशी नको असलेली, पण अजून जीव असलेली. माळ्यावर एखादा बंद रेडिओ असेल, आजीचं शिवणयंत्र असेल. या रविवारी खाली काढा. आधी फोटो घ्या, मग स्क्रू ड्रायव्हर.