शिबिर संपलं, उपयोग झाला का?

एका मोठ्या रुग्णालयात वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर असलेल्या भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांच्याकडे तीन दिवसांचं नेतृत्वाचं प्रशिक्षण झालं. व्याख्यानं झाली, खेळ झाले, जेवणही झकास होतं. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी फॉर्मवर 'उत्तम' लिहिलं. आता वरिष्ठ विचारताहेत, दरवर्षी यावर खर्च करावा का? "ताई, उपयोग झाला की नाही हे ओळखायचं कसं?" असं त्या विचारतात.

प्रश्न रुग्णालयातला, पण आपल्याही कामाचा. आपल्यापैकी कुणी परिचारिका आहे, कुणी दवाखान्याच्या ट्रस्टवर आहे, आणि आजाऱ्याच्या उशाशी बसायची वेळ तर प्रत्येकीवर येतेच.

पुरणपोळीच्या वर्गाचं उदाहरण घ्या. वर्ग आवडला, ही झाली पहिली पायरी. कृती लक्षात राहिली, ही दुसरी. घरी येऊन खरोखर पोळ्या लाटल्या, ही तिसरी. आणि पोळी न फुटता पानात पडली, घरच्यांनी पुन्हा मागितली, ही चौथी. अमेरिकेतल्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या पारखीसाठी अशाच चार पायऱ्या सांगितल्या: प्रतिक्रिया, शिकणं, वागणं आणि परिणाम. आपल्या सिस्टरांचा फॉर्म पहिल्याच पायरीवर थांबला आहे. रोग्याचं बरंवाईट ठरतं ते तिसऱ्या-चौथ्या पायरीवर!

हे मोजता येतं का? येतं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात २००३ मध्ये शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत एक काम सुरू झालं. रोग्याच्या मोठ्या शिरेत घातलेल्या नळीवाटे जंतुसंसर्ग होतो, तो थांबवायचा होता. निव्वळ नेतृत्वाचं शिबिर नव्हतं ते. पण प्रत्येक विभागात निदान एक डॉक्टर आणि एक परिचारिका यांना पुढारी नेमून शिकवलं. हात धुण्यापासूनच्या पाच साध्या गोष्टी ठरवल्या. डॉक्टर त्यातली एखादी विसरले, तर तातडीचा प्रसंग सोडून परिचारिकेने त्यांना थांबवायचं, अशी मुभा दिली. नळीच्या दर १००० दिवसांमागे संसर्गाचा मध्यावरचा आकडा २.७ होता, तो तीन महिन्यांत शून्यावर आला. म्हणजे निदान निम्म्या विभागांत एकही संसर्ग नाही. इथे टाळ्या मोजल्या नव्हत्या, संसर्ग मोजले होते.

पण लगेच हुरळून जायचं नाही, बरं का! २००९ ते २०११ या काळात इंग्लंडने हेच करून पाहिलं. मोठ्यांच्या विभागांतलं प्रमाण ३.७ वरून १.४८ वर आलं. मात्र विभाग टप्प्याटप्प्याने सामील होत होते, आणि ज्यांची पाळी अजून यायची होती, तिथेही संसर्ग घटतच होते! मग सगळं श्रेय या उपक्रमाला कसं द्यायचं? म्हणून ज्या वॉर्डचं प्रशिक्षण झालं नाही, त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

आणखी एक गंमत ध्यानात ठेवा. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या चमूंचा अभ्यास केला, तो १९९६ मध्ये छापून आला. चांगल्या प्रमुखाच्या चमूत औषधांच्या चुकांची नोंद उलट जास्त आढळली. तिथे चुका सांगायची भीती नव्हती, म्हणून! ज्या घरात सुनेला धाक असतो, तिथे फुटलेली बशी गुपचूप केरात जाते. मोकळ्या घरात ती सासूबाईंना सांगितली जाते. तेव्हा प्रशिक्षणानंतर चुकांची नोंद वाढली, तर ते फसलं असं एकदम समजू नका. नोंद वाढली की रोग्याला होणारी इजा वाढली, हे वेगळं पाहा.

आता सिस्टरांसाठी थोडक्यात:

• पुढच्या शिबिराआधी दोनतीनच गोष्टी निवडा. उदाहरणार्थ, ड्यूटी बदलताना रोग्याची पूर्ण माहिती सांगितली जाते का, औषध वेळेवर मिळतं का, अंथरुणाला खिळलेल्यांना पाठीला जखमा होतात का.

• त्यांचे आकडे शिबिराच्या तीन महिने आधीपासून वहीत लिहा. आधीचा आकडा नसेल तर नंतरच्याला अर्थ नाही.

• शिबिरानंतर तीन, सहा आणि बारा महिन्यांनी पुन्हा मोजा. शेजारच्या वॉर्डचेही आकडे घ्या.

• साहेबांपेक्षा हाताखालच्यांना विचारा. नवी परिचारिका, वॉर्डमधल्या मावशी, वॉर्डबॉय. "शंका आली तर सिस्टरना बेधडक सांगता का?" नाव न लिहिता उत्तर घ्या.

शेवटी एक रोखठोक सांगते. बोलायला शिकवून परिचारिकेला पाठवलं, आणि ती बोलल्यावर सगळ्यांदेखत तिचाच पाणउतारा झाला, तर दोष शिबिराचा नाही. मिशिगनमध्ये तिच्या शब्दामागे वरिष्ठ उभे होते. तेव्हा दरवर्षी खर्च करावा का असं वरिष्ठांनी विचारलं, तर सिस्टर, तुम्हीही नम्रपणे विचारा: "आम्ही थांबवलं, तर तुम्ही आमच्या बाजूने उभे राहाल ना?" उत्तर 'हो' असेल, तर खर्च करून आकडे मोजायला घ्या. 'नाही' असेल, तर ते पैसे तूर्त चादरी आणि हातमोज्यांना लावलेले बरे!