आलिशान गाडी आणि मुक्कामी एसटी

गणेशचतुर्थीच्या आदल्या दोन-तीन रात्री मुंबई-गोवा महामार्ग झोपत नाही. माणगाव, लोणेरे, महाड, पोलादपूर अशी गाड्यांची रांग लागते. त्या रांगेत एसटीच्या जादा गाड्या असतात, खासगी आरामगाड्या असतात, टेम्पोत दाटीवाटीने बसलेली कुटुंबे असतात; आणि गेल्या काही वर्षांत उंच बैठकीच्या, रुंद चाकांच्या परदेशी बनावटीच्या आलिशान मोटारीही ठळकपणे दिसू लागल्या आहेत. त्यांना एस.यू.व्ही. म्हणतात. त्या सगळ्याच मुंबईकर चाकरमान्यांच्या असतात असे नाही. महाडच्या औद्योगिक वसाहतीत ठेके घेणारा कंत्राटदार, चांगला व्यवसाय जमलेला डॉक्टर, रस्तारुंदीत जमीन गेल्याचा मोबदला एकरकमी हाती आलेला खातेदार, यांच्या घरीही आता एक प्रश्न गंभीरपणे चर्चिला जातो : मधल्या आकाराची आलिशान गाडी घ्यायची तर नवी घ्यावी की वापरलेली?

समाजवादी कार्यकर्त्याची पहिली प्रतिक्रिया 'हा चंगळवाद आहे' अशी असते. ती अगदीच चुकीची नाही. पण तेवढ्यावर थांबणे हा वैचारिक आळस आहे. घरात वृद्ध आईवडील आहेत, दुखणे बळावले तर मुंबई किंवा पुणे गाठावे लागते, वरंधा घाट पावसाळ्यात वारंवार बंद होतो, आंबेनळी घाटात २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस दरीत कोसळून तीसहून अधिक माणसे गेली हे सर्वांना आठवते. अशा मुलखात राहणाऱ्या माणसाला भक्कम, सुरक्षित वाहन हवेसे वाटले तर त्यात अनैतिक काय आहे? तेव्हा त्याचा प्रश्न आधी त्याच्याच हिशेबाने तपासून पाहणे योग्य.

या वर्गातील बी.एम.डब्ल्यू. एक्स-३, मर्सिडीज जी.एल.सी. किंवा ऑडी क्यू-५ यांसारख्या नव्या गाड्या साठ लाखांच्या खाली मिळत नाहीत. नोंदणीचा कर आणि विमा वेगळा. हिशेबापुरती किंमत ७० लाख धरू. मोटार विम्याच्या सर्वमान्य तक्त्यानुसार गाडीचे मूल्य सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५ टक्के, आणि पुढे दरवर्षी वाढत जाऊन चार ते पाच वर्षांच्या टप्प्यावर ५० टक्के घटलेले मानले जाते. म्हणजे पाच वर्षांत ३५ लाख रुपये विरून जातात. गाडी दारात उभी असो वा रस्त्यावर धावो, रोजचे सुमारे एकोणीसशे रुपये. यात इंधनाचा एक थेंब नाही, चालकाचा पगार नाही, टोल नाही. जमिनीच्या मोबदल्यातून ही गाडी घेणारा खातेदार वस्तुतः एका न झिजणाऱ्या मालमत्तेचे रूपांतर सर्वांत वेगाने झिजणाऱ्या मालमत्तेत करीत असतो. भातशेतीचा तुकडा पुन्हा विकत घेता येत नाही.

तर मग जुनी घ्यावी, पहिल्या मालकाने घसारा सोसलेला असतो, हा युक्तिवाद पुढे येतो, आणि तो निव्वळ अंकगणिताच्या दृष्टीने बरोबर आहे. पाच वर्षे वापरलेली गाडी निम्म्या किमतीत येते. परंतु तिचे सुटे भाग निम्म्या किमतीत येत नाहीत. ते ७० लाखांच्या गाडीचेच राहतात. जुन्या वाहनाच्या कर्जाचा दरही सामान्यतः नव्यापेक्षा चढा असतो. समजा, ३५ लाखांपैकी २५ लाख दरसाल १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी उचलले, तर दरमहा साडेपंचावन्न हजारांवर हप्ता पडतो आणि आठ लाखांहून अधिक रक्कम केवळ व्याजात जाते. शिवाय गाडी आली कुठून? दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये घातलेल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरलेल्या बंदीनंतर तिथल्या जुन्या डिझेल गाड्या इतर राज्यांच्या बाजारात उतरल्या. राजधानीला नकोसा झालेला धूर स्वस्त किमतीला इतरत्र रवाना झाला.

महाडच्या माणसाने तर आणखी एक गोष्ट पाहिलीच पाहिजे. जुलै २०२१ च्या महापुरात हे शहर बुडाले, आणि त्याबरोबर दारात उभी असलेली वाहनेही. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी संपूर्ण हानी धरते. मग ती गाडी भंगारात जातेच असे नाही, धुऊनपुसून, नवी आसने चढवून ती दूरच्या शहरात विक्रीला उभी राहू शकते. पुराचे पाणी लागलेल्या गाडीतील वीजजोडण्या आणि नियंत्रक पेट्या वर्षभरानंतरही दगा देतात. पाण्यात उभ्या गाडीचे इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न केल्याने झालेले नुकसान साध्या विम्यात बहुधा बसत नाही, त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. सावित्री आणि गांधारी यांच्या काठी राहणाऱ्याने गाडीच्या रंगाआधी हे विचारावे.

या गाड्यांच्या बाबतीत एक गमतीची विसंगती आहे. त्या दिसतात खडकाळ डोंगरासाठी बनवल्यासारख्या, पण त्यांची मोठी चाके आणि अरुंद कडेचे टायर बनवलेले असतात गुळगुळीत रस्त्यांसाठी. महामार्गावरच्या पावसाळी खड्ड्यात असा टायर फुटला की नवा महाडच्या दुकानात मिळेलच असे नाही, आणि अधिकृत कार्यशाळा तर मुंबई-पुण्याकडेच. पोलादपूरच्या वाड्यांवर चढणारी बोलेरो आणि सहाआसनी रिक्षा हे काम अधिक निमूटपणे करतात. तेव्हा सुरक्षिततेसाठी म्हणून घेतलेल्या या गाडीने सुरक्षितता किती मिळते?

या प्रश्नाचे उत्तर महाडला २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मिळालेले आहे. सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्या काळोखात दोन एसटी गाड्या आणि एक टवेरा मोटार नदीत गेली. पन्नास लाखांची गाडी त्या क्षणी तिथे असती तर तीही गेली असती. माणसाला चांगले वाहन विकत घेता येते, पूल विकत घेता येत नाही. रस्ता, दरडीला घातलेली जाळी, धोक्याची आगाऊ सूचना, यांपैकी काहीही एकट्याला विकत घेता येत नाही. त्याच सावित्रीवरचा नवा पूल जून २०१७ मध्ये, म्हणजे दहा महिन्यांत, खुला झाला. देशभर बोभाटा झाला म्हणजे सरकारला काम करता येते. उलट, याच महामार्गाचे २०११ साली सुरू झालेले चौपदरीकरण २०२५ च्या गणपतीपर्यंतही पुरे झालेले नव्हते. कशेडीच्या जुळ्या बोगद्यांनी घाटाचा फेरा वाचवला, तो मात्र एसटीतल्या म्हातारीचाही वाचला आणि मर्सिडीजमधल्या मालकाचाही.

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब. २०२४ मध्ये एसटी महामंडळाने अशोक लेलँडकडे २,१०४ गाड्यांची मागणी नोंदविली. तिचे मूल्य ९८२ कोटी रुपये असल्याचे जाहीर झाले. साधा भागाकार केला तर एक एसटी पावणेसत्तेचाळीस लाखांच्या घरात येते. चाळीसहून अधिक माणसांना घेऊन दिवसभर फेऱ्या करणारे वाहन, एका कुटुंबाच्या मधल्या आकाराच्या आलिशान गाडीपेक्षा स्वस्त आहे. करोनाच्या साथीपूर्वी महामंडळाच्या ताफ्यात सुमारे अठरा हजार गाड्या होत्या. नंतर ती संख्या पंधरा हजारांच्या आसपास आली. दरम्यान मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट, ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास या स्वागतार्ह सवलती आल्या. मागणी वाढली, गाड्या घटल्या. पाचवी ते बारावीच्या मुलींना मोफत पास आहे. पण ज्या वाडीची मुक्कामी एसटी बंद पडली तिथल्या मुलीने तो पास दाखवायचा कोणाला?

करांकडे पाहिले म्हणजे राज्यसंस्थेचा कल स्पष्ट होतो. सप्टेंबर २०२५ पर्यंत मोठ्या एस.यू.व्ही.वर २८ टक्के वस्तू व सेवा कर आणि २२ टक्के अधिभार, मिळून ५० टक्के कर होता; २२ सप्टेंबरपासून तो ४० टक्के झाला. बसवरचा कर त्याच दिवशी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. दोघांनाही सारखीच दहा टक्क्यांची सूट! विजेवर चालणारी गाडी असेल, तर ती सत्तर लाखांची असली तरी कर केवळ ५ टक्के, म्हणजे डिझेलच्या एसटीपेक्षा कमी. महाराष्ट्र सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या विजेच्या गाड्यांवर ६ टक्के वाहनकर सुचवला आणि तो महिना संपण्याआधीच मागे घेतला. याच राज्याने एसटीच्या तिकिटावर मात्र दीर्घकाळ साडेसतरा टक्के प्रवासी कर वसूल केला; म्हणजे बाजाराला भाजी घेऊन जाणारी बाई तो भरत होती. व्यावसायिकाने आपल्या धंद्याच्या नावे ७० लाखांची गाडी घेतली, तर पहिल्या वर्षी १५ टक्के घसारा, म्हणजे साडेदहा लाख, नफ्यातून वजा करता येतो. ३० टक्के दराने करात तीन लाखांवर बचत होते. तेवढा भार सार्वजनिक तिजोरीवर पडतो. या व्यवहाराला कोणी 'रेवडी' म्हणत नाही, हे विशेष.

अर्थशास्त्रज्ञ गालब्रेथ यांनी १९५८ च्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात वातानुकूलित मोटारीतून सहलीला निघालेल्या एका अमेरिकन कुटुंबाचे चित्र रंगवले आहे. मोटार उत्तम, पण रस्ता खराब, गाव बकाल, आणि ज्या ओढ्याकाठी ते जेवायला बसते त्याचे पाणी दूषित. रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दल वर्षानुवर्षे तक्रार करणाऱ्या सावित्रीकाठच्या गावकऱ्याला हे चित्र परके वाटणार नाही. परंतु महाड-पोलादपूरच्या संदर्भात अल्बर्ट हर्शमन यांचे १९७० मधील विवेचन अधिक उपयोगी आहे. नायजेरियातील रेल्वेला मालमोटारींची स्पर्धा असूनही रेल्वे का सुधारली नाही, असा प्रश्न त्यांना पडला होता. त्यांचे उत्तर असे की, ज्या गिऱ्हाइकांचा आवाज सरकारदरबारी पोचला असता तेच सर्वांत आधी रेल्वे सोडून मालमोटारींकडे गेले. उरलेल्यांच्या तक्रारीला वजन राहिले नाही, आणि रेल्वेला सुधारण्याची निकडही उरली नाही.

एसटीचे नेमके हेच झाले आहे. एके काळी मामलेदार कचेरीतला कारकून, हायस्कूलचा मुख्याध्यापक, वकील, पंचायत समितीचा सदस्य हे सगळे त्याच लाल गाडीच्या खिडकीशी बसत. गाडी अर्धा तास उशिरा आली तर आगारात जाऊन जाब विचारणारे तेच असत. आज तो मुख्याध्यापक मोटारसायकलवर आहे, वकील मोटारीत आहे आणि सदस्य एस.यू.व्ही.त आहे. स्थानकावर उरल्या आहेत अर्ध्या तिकिटाच्या बाया, शाळकरी मुले आणि औषध आणायला निघालेले म्हातारे. तक्रार त्यांनाही करता येते; पण त्यांची तक्रार ऐकणारा माणूस स्वतः एसटीने येत नाही. आलिशान गाडीचे खरे सामाजिक मूल्य इथे मोजले पाहिजे. तिने रस्त्यावर किती जागा व्यापली यापेक्षा, तिच्या मालकाबरोबर किती आवाज सार्वजनिक सेवेतून निघून गेला, याला महत्त्व आहे. १९२७ च्या मार्चमध्ये चवदार तळ्यावर ज्यासाठी माणसे जमली होती ती गोष्ट सार्वजनिक पाणवठ्यावरच्या समान हक्काची होती, हे ज्या गावाला शिकवावे लागू नये त्या गावात हे घडते आहे.

याचा अर्थ आराम निषिद्ध आहे असा करण्याचे कारण नाही. मधू दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गाद्या आल्या. समाजवाद्यांनी सुखाची व्याख्या अशी केली होती : कोट्यवधींच्या पाठीखाली दोन इंच मऊपणा. पुढे १९९० साली जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, आणि त्या मार्गावर वीर, करंजाडी, विन्हेरे ही स्थानके आली. पण महाड शहर आणि पोलादपूर रुळापासून दूरच राहिले. स्थानकापासून वाडीपर्यंतचा तो शेवटचा टप्पा एसटीनेच भरून काढायला हवा होता.

चळवळीने काय करावे? सभेला आलिशान गाड्यांच्या ताफ्यातून येणाऱ्या नेत्यांनी या विषयावर बोलू नये, ही पहिली अट. स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या पक्षांचे नेतेही तिला अपवाद नाहीत. त्यानंतर मागण्या नेमक्या कराव्यात. चाळीस लाखांवरील प्रत्येक खासगी गाडीवर, मग ती डिझेलची असो वा विजेची, वेगळा राज्य कर बसवावा आणि त्याचे उत्पन्न कायद्याने एसटीच्या नव्या गाड्यांसाठी बांधून द्यावे. धंद्याच्या नावे घेतलेल्या प्रवासी मोटारीच्या घसाऱ्याला किमतीची मर्यादा घालावी. महाड आगारातून दोन्ही तालुक्यांत पूर्वी कोणत्या मुक्कामी फेऱ्या होत्या आणि त्यांतील किती चालू आहेत, याची गाववार यादी कार्यकर्त्यांनी स्वतः फिरून करावी. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून ती आगाराच्या कागदांशी ताडून पाहावी. आणि बंद फेऱ्यांची यादी घेऊन आगार व्यवस्थापकाकडे जावे. निवेदनावर पहिल्या सह्या शाळकरी मुलींच्या पालकांच्या घ्याव्यात. त्याच गावात कोणाच्या दारात सत्तर लाखांची गाडी उभी असेल तर त्याच्याकडेही कागद घेऊन जावे. त्याची आई अजून अर्ध्या तिकिटात माहेरी जात असते. तो सही नाकारील असे आधीच धरून चालण्याचे कारण नाही.