काडीचा आधार आणि जिमखान्याचा कप

होळी जवळ आली की आमच्याकडे दोन गोष्टी न चुकता होतात. (आमचं गावही होळीच, वसईतलं. "कुठे राहता?" "होळीला." "अहो, सण नाही, पत्ता विचारतोय!" हा विनोद ऐकून ऐकून कान किटले.) एक म्हणजे किनाऱ्यावर बंदोबस्त लागतो. आणि दुसरी म्हणजे तो असूनही धुळवडीच्या दुपारी रंगलेली पोरं भुईगाव, राजोडी, कळंबच्या पाण्यात शिरतात. २०१९ सालच्या धुळवडीला कळंबच्या समुद्रात पाच जण बुडाले. मग ठरलेला कार्यक्रम.. पेपरात बातमी, चार दिवस हळहळ, एक नवा बोर्ड. 'येथे पोहणे धोक्याचे आहे.' झालं!

आता यात एक साधी गोष्ट बघा. होळी म्हणजे पौर्णिमा. पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात मोठा. आमच्या सपाट किनाऱ्यांवर पाणी लांबवर आत जातं आणि तितकंच परत येतं. अनंत चतुर्दशीचंही तेच, दुसऱ्या दिवशी पौर्णिमा असते. म्हणजे ज्या दिवशी हजारो माणसं पाण्याशी जाणार, नेमका तोच दिवस पाणी जोरावर असण्याचा. पाचूबंदरच्या कुठल्याही कोळ्याला हे पाठ असतं. पण कॉलेजात पंधरा वर्षं घालवलेल्या प्राध्यापकांना विचारून पाहा..

१ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी गेले. त्यानंतर सहलींवरची बंधनं वाढली. पालकांची संमतीपत्रं, पाण्यात उतरायचं नाही, वगैरे. बंधनं असावीत, माझी तक्रार त्याबद्दल नाही. तक्रार ही की एवढं झाल्यावरही 'पाण्यात माणूस अडकला तर काय करायचं' हे पोरांना शिकवावं असं कुणालाच वाटलं नाही. आणि वसईत पाण्यापासून लांब ठेवणार तरी कुठे? पश्चिमेला समुद्र, उत्तरेला आणि दक्षिणेला खाडी, पूर्वेला चिंचोटीचा धबधबा, मध्ये पाण्याने भरलेल्या दगडखाणी. आधीची पिढी बावखळात पोहायला शिकली, कमरेला वाळलेले भोपळे बांधून, काठावर काका-मामा बसलेले. बावखळं बुजवली, इमारती आल्या, आणि काठावरचे काका-मामाही गेले.

तर माझं म्हणणं सरळ आहे. जीवरक्षण हा खेळ विद्यापीठाच्या स्पर्धांमध्ये आणा. शिबिर नको, 'जनजागृती सप्ताह' तर अजिबात नको (बॅनर, पाहुणे, नारळ, चहा-सामोसा). खेळ म्हणून आणा. कारण आपल्या कॉलेजात ज्याला कप मिळतो, ज्याला सवलतीचे गुण मिळतात, त्यालाच सराव मिळतो. बाकी सगळं प्रमाणपत्रापुरतं.

"असा खेळ असतो?" असतो की! आणि चांगला जुना आहे. ऑस्ट्रेलियात १९०७ पासून किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांचे क्लब आहेत आणि ते आपसात झुंजत आले. १९८५ पासून हा खेळ वर्ल्ड गेम्समध्ये आहे. इंग्लंडात विद्यापीठांच्या जीवरक्षण क्लबांची स्वतःची संघटना आहे, विद्यार्थीच चालवतात, वर्षभर एकमेकांच्या तलावात जाऊन स्पर्धा खेळतात. आपल्याकडे पुण्याची राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटी हे काम करते. पण विद्यापीठात मात्र पोहणं आहे, डायव्हिंग आहे, वॉटरपोलो आहे.. जीवरक्षण नाही.

यातले प्रकार ऐका. ५० मीटरच्या एका शर्यतीत अर्धं अंतर पोहायचं, बुडी मारून तळातला पाण्याने भरलेला पुतळा उचलायचा आणि त्याचं तोंड पाण्यावर ठेवून उरलेलं अंतर कापायचं. बीच फ्लॅग्ज म्हणून एक आहे, ती आपली संगीत खुर्चीच! वाळूत पालथं झोपायचं, शिट्टी वाजली की उठून, वळून, वीसेक मीटर पळत जाऊन रोवलेली कांडी पकडायची. कांड्या माणसांपेक्षा कमी.

मला सगळ्यात आवडतो तो दोरफेकीचा. साधारण १२ मीटरवर साथीदार पाण्यात. दोर गोळा करायचा, फेकायचा, त्याला ओढून काठाला आणायचं, वेळ ४५ सेकंद. कसलेली मंडळी दहाएक सेकंदांत उरकतात. यात फेकणारा पाण्यात उतरतच नाही, हे लक्षात घ्या. आपल्याकडच्या बातम्या आठवा, एक बुडतो, त्याला वाचवायला दुसरा उडी मारतो, मग तिसरा. शूर असतात बिचारे. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की आधी काठी पुढे करा, मग दोर, रिकामा कॅन, काहीही तरंगणारं फेका, आणि स्वतः उतरणं हा अगदी शेवटचा उपाय. बुडणारा माणूस वाचवायला आलेल्याच्या डोक्यावर चढतो, मुद्दाम नाही, जीव जात असतो म्हणून.

आणि चौघांच्या संघाचा एक प्रकार. आधी चौघांना वेगळं बसवतात, समोर काय येणार ते माहीत नसतं. आत आलं की एक जण हातपाय मारतोय, एक बेशुद्ध, एकाचा हात मोडलाय, एक नुसताच ओरडतोय. दोन मिनिटं. कोणाकडे आधी जायचं, कोणी फोन करायचा, बघ्यांपैकी कोणाला कामाला लावायचं, याचे गुण. अशी दोन मिनिटं शंभर वेळा जगलेला मुलगा धुळवडीला कळंबला असेल तर फरक पडेल की नाही, तुम्हीच सांगा.

आक्षेप मला माहीत आहेत. "मरणाचा काय खेळ करता?" ज्या राज्यात २०२२ साली दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा मिळाला आणि पुढच्या वर्षी थरांची लीगही झाली, त्या राज्यात हा प्रश्न मला विचारू नये. "तलाव कुठे आहेत?" कमी आहेत, मान्य. पण दोरफेक मैदानावर शिकता येते, बीच फ्लॅग्जला वाळू लागते, ती आपल्याकडे आहे (रेतीवाल्यांनी ठेवली असेल तितकी). छातीवर दाब द्यायला वर्गाची फरशी पुरते. "कोणाला काही झालं तर जबाबदार कोण?" हा खरा आक्षेप, बाकीचे तोंडी लावायला. आज देशात वर्षाला ३६ हजारांहून जास्त माणसं बुडून जातात, २०२१ आणि २०२२ चे सरकारी आकडे आहेत. त्याला जबाबदार कोण, हे मात्र कोणी विचारत नाही.

२०११ पासून वसई-विरारला मॅरेथॉन रुजली. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चिमाजी अप्पा मैदानावर कला-क्रीडा महोत्सवाला गर्दी उसळते. म्हणजे खेळाची हौस आमच्याकडे आहे, मैदान आहे, बक्षिसं देणारे आहेत. विद्यापीठ जागं होईपर्यंत थांबायचं कशाला? या डिसेंबरला वर्तक, गोन्सालो गार्सिया आणि विवा, तीन कॉलेजांचे संघ आणि एक दोर, एवढ्यावर सुरुवात होते.

हा ब्लॉग वाचणाऱ्या नातेवाइकांत तिघे प्राध्यापक आहेत, आणि त्यातले एक जिमखान्याच्या समितीवर. दादा, पुढच्या मीटिंगचा अजेंडा निघाला की कळवा. दोर मी आणतो.